अक्काच्या हातातली नळी

मला एका जागी बसवत नाही. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी भालकी यायच्या आत मी उठून दाराशी उभी असते. कुणाच्या घरी गेले तर चहा उकळेपर्यंत त्यांच्या अंगणातून फिरून येते. फक्त शिवणाच्या मशीनवर मी दुपारभर बसते, कारण तिथं पाय चालू असतात. म्हणून गुलबर्ग्याच्या कॅन्सरच्या दवाखान्यात मोठ्या जावेसोबत राहायला मला पाठवायचं निघालं, तेव्हा सगळ्यात आधी माझ्या नवऱ्यानंच मान हलवली. हिला तिथं बसवायचं नाही, असं तो म्हणाला. पण दुसरं कुणी नव्हतं.

मोठ्या जावेला मी अक्का म्हणते. त्या दिवसांत म्हणत नव्हते, काहीच म्हणत नव्हते. आमचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती.

कारण सगळ्या भावकीला माहीत आहे, तेव्हा इथं लपवण्यात अर्थ नाही. सासूबाई लकव्यानं अंथरुणाला खिळल्या होत्या. एक महिना त्या अक्काकडं असायच्या, एक महिना आमच्याकडं. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या पाठीला जखमा होत्या आणि तो महिना माझा होता. दहाव्याच्या दिवशी, अक्काच्या घरी बायका बसलेल्या असताना, ती सगळ्यांसमोर म्हणाली, "हिच्या हाती माणूस दिलं की कुजतंय."

जखमा कुणाच्या महिन्यात सुरू झाल्या ते मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. मी उठून मागच्या दारानं बाहेर गेले, आणि नंतर त्या दारानं तिच्या घरात कधी गेले नाही. पुढं भावांनी घरही वाटून घेतलं, दोन्ही चुलींच्या मध्ये भिंत आली. भिंतीपलीकडं तिची फोडणी टाकल्याचा आवाज यायचा, कधी तिचं खोकणं यायचं. खटकचिंचोळीच्या बाजारात समोरासमोर आलो तर आमच्यातली एक जण भाजी बघायला वळायची.

मग तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. तिनं ती बरेच महिने कुणाला सांगितली नव्हती. ऑपरेशन झालं, त्यानंतर सलाईनमधून द्यायची औषधं सुरू झाली. तिची मुलगी उदगीरला दिलेली, तिच्या कडेवर तान्हं पोर. मोठ्या दिरांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांचे हात कापतात, कपातला चहा बशीत सांडल्याशिवाय तोंडापर्यंत जात नाही, आणि बायकांच्या वॉर्डात पुरुषांना राहू देत नव्हते. पहिल्या दोन खेपांना मुलगी कशीबशी आली. तिसऱ्या खेपेला अण्णा आमच्या दारात येऊन उभे राहिले. मी पिशवी भरायला घेतली.

गुलबर्ग्यापर्यंत अक्का खिडकीकडं बघत होती. हुमनाबादला बस थांबली तेव्हा मी खाली उतरून पाण्याची बाटली घेतली आणि तिच्या सीटवर ठेवली. तिनं ती प्यायली. एवढंच.

त्या खेपेला तिची शीर सापडेना. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं त्या हाताला सुई लावायची नव्हती. उजव्या हातावरच्या शिरा आधीच्या औषधांनी काळ्या आणि कडक झाल्या होत्या, सुतळी कातड्याखाली सरकवल्यासारख्या. सिस्टर टोचत होत्या, काढत होत्या. अक्का ओठ आवळून वर पंख्याकडं बघत होती. मी वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. शेवटी डॉक्टर आले. त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे छातीच्या कातडीखाली एक छोटी डबी बसवायची. ती चांगली, तिची देखभालही कमी, पण खर्च मोठा. दुसरा म्हणजे दंडातून एक बारीक नळी आत सरकवायची, तिचं आतलं टोक काळजाच्या जवळ पोचतं. तिचं बाहेरचं टोक दंडावर राहतं आणि सगळी औषधं संपेपर्यंत, कित्येक महिने, ती तशीच ठेवायची. ही पुष्कळ स्वस्त. पण दर आठवड्याला ती धुवायची, तिच्यावरची पट्टी बदलायची, आणि ती जपायची. जपली नाही तर तिच्यातून जंतू सरळ रक्तात जातात.

अण्णांनी नळी निवडली. दुसरं काय निवडणार होते?

दर आठवड्याला गुलबर्ग्याला येणं होणार नव्हतं. घरातल्या कुणाला तरी शिकावं लागणार होतं. सिस्टरनी खाटेशेजारी कोण उभं आहे ते बघितलं. मी उभी होते.

त्या सिस्टर रायचूरकडच्या. कानडीत बोलायच्या, मधूनच माझ्यासाठी हिंदी घालायच्या, पण मला कानडी येतं असं कळल्यावर हिंदी सोडून दिली. त्यांनी मला एका कोपऱ्यात नेलं. तिथं टेबलावर एक रबरी हात ठेवलेला होता. आधी हात धुवा म्हणाल्या. मी धुतले. परत धुवा म्हणाल्या. बोटांच्या मधे, अंगठ्याच्या मुळाशी, नखांखाली, मनगटापर्यंत. मग धुतलेले हात मी सवयीनं पदराला पुसायला गेले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. पुन्हा पहिल्यापासून.

त्यांनी समजावलं ते मला आजही तसंच आठवतं. या औषधांनी अंगातली लढायची ताकद जाते, म्हणून तुमच्या-माझ्या अंगावर रोज बसलेले साधे जंतूसुद्धा तिला मारू शकतात. औषधाचा लेप दिलेल्या नळ्या असतात, आत स्पिरिट भरलेली टोपणं असतात, मोठ्या शहरात वापरतात. ज्याला जमतं त्यानं घ्यावं. पण हात धुतले नाहीत तर त्यातलं काहीच कामाचं नाही, आणि हात धुतले तर त्यातलं बरंचसं लागत नाही. मी त्यांना विचारलं, म्हणजे साबणावर भागतं? त्या म्हणाल्या, साबण, स्पिरिट आणि थांबणं.

थांबणं माझ्या वाट्याला आलं हे बघून मला हसू आलं नाही. नळीच्या टोपणाला स्पिरिटचा बोळा धरून जोरात चोळायचं, लिंबू पिळल्यासारखं, आणि मग हात न लावता ते वाळू द्यायचं. वाळतानाच स्पिरिट जंतूंना मारतं. ओलं असताना त्यावर नळी धुवायची सिरिंज लावली तर सगळं चोळणं वाया. माझा पाय टेबलाखाली हलत होता. सिस्टरनी माझ्या गुडघ्यावर तळहात ठेवला आणि दाबून धरला. वाळू द्या, म्हणाल्या.

आणखी एक नियम होता. पट्टी उघडली असताना दोघींनी तोंडाला मास्क लावायचा, रोग्यानं मान दुसरीकडं वळवायची आणि कुणीही बोलायचं नाही, कारण बोलताना तोंडातले जंतू उघड्या जागेवर पडतात. सिस्टरनी हे दोन-दोनदा बजावलं. अक्का खाटेवर पडून ऐकत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. ही एक गोष्ट आम्हाला शिकवायची गरज नव्हती.

घरी आल्यावर पहिला प्रश्न जागेचा. माझ्या मशीनच्या खोलीत कापडाची भुकटी उडते. स्वयंपाकघरात धूर. अण्णांच्या बैठकीत सोयाबीनची पोती. शेवटी अक्काची झोपायची खोली ठरली. ज्या दारानं मी गेले होते त्या दारानं नाही, पुढच्या दारानं आत शिरले. ती खाटेवर बसली होती. खिडकी बंद केली, दार लावलं. पंखा बंद केला, कारण पंख्यानं धूळ उडते. उन्हाळा चढत होता. माझ्या कपाळावरून घाम टपकू नये म्हणून मी डोक्याला फडकं बांधलं. आरशात दिसले तर हळदीच्या गिरणीवर कामाला निघालेल्या बाईसारखी.

तिनं मान भिंतीकडं वळवली. मी पट्टीचं एक-एक टोक सोडवलं, नळीच्या दिशेनं, नळीपासून लांब नाही, नाहीतर ती बाहेर ओढली जाते. आत कातडी स्वच्छ होती. माझा श्वास मास्कमध्ये गरम होत होता. तिच्या मनगटावर हिरवं गोंदण होतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा याच हातानं तिनं मला परातीत पीठ घ्यायला शिकवलं होतं. ज्वारीच्या पिठात गरम पाणी ओतून ती म्हणायची, मळ, चटका बसू दे. मी काम करत राहिले. औषध लावून कातडी वाळू दिली, नवी पट्टी चिकटवली, टोपण चोळलं, वाळू दिलं, सिरिंजमधलं मिठाचं पाणी थोडं-थोडं थांबत आत ढकललं. पाणी आत गेलं. मास्क काढला, सामान गोळा केलं आणि निघाले.

दाराशी पोचले तेव्हा मागून आवाज आला.

"पंखा लावून जा."

किती वर्षांनी ती माझ्याशी बोलली, आणि ते पंख्याबद्दल. मी बटण दाबलं आणि बाहेर आले. अंगणाला दोन फेऱ्या मारल्या.

त्यानंतर दर गुरुवारी. हळूहळू मास्क काढल्यावर दोन वाक्यं व्हायला लागली. तोंडाला चव नाही म्हणायची. मी लिंबाचं लोणचं नेलं, ते तिला सोसलं नाही. तिच्या नातवाला दात आले ते तिनं मला सांगितलं. सासूबाईंचं नाव आम्ही दोघींनी घेतलं नाही.

माझं मात्र गुरुवारावर भागेना. आज सकाळी पट्टीची कड उचलली होती का? घामानं सुटली तर? अंघोळ करताना तिनं दंडावर प्लास्टिकची पिशवी नीट बांधली का? मी कपडा अर्धा शिवून सोडायची आणि भिंतीला वळसा घालून तिच्याकडं जायची. हात बघायची. परत यायची. तासाभरानं परत जायची. घरातली माणसं आधी हसली, मग वैतागली. अण्णांनी पोती झाडली म्हणून मी त्यांच्यावर ओरडले. अक्का विळीवर बसून मेथी चिरत होती तेव्हा विळी उचलून घेऊन आले. बघायला येणाऱ्या बायका तिचा तोच हात हातात घ्यायच्या, तेव्हा मी मधे पडायची. हात धुवा, लांब बसा, दंडाला नको. अर्ध्या जणी रागावून गेल्या.

शेजारच्या घरातली खालाबी दर्ग्यातून मंतरलेला दोरा घेऊन आली. आमच्या घरात तिचा दोरा कुणी नाकारत नाही, माझ्या नवऱ्याच्या जन्मापासूनचा तो संबंध आहे. ती दोरा अक्काच्या दंडाला बांधायला वाकली आणि मी तिचा हात धरला. म्हटलं, "खालाबी, हात कू नक्को, गले में बांधो." म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, नळीकडं बघितलं आणि गळ्यात बांधला. पण जाताना अक्काला म्हणाली की तुझी देवरानी दारोगा झाली, म्हणजे फौजदार. अक्का हसली. मला ते लागलं नाही, उलट बरं वाटलं. मी दारोगाच होते.

पुढं-पुढं माझी चाहूल लागली की अक्का दंडावर पदर ओढून घ्यायची. एकदा म्हणाली, "तू मला बघायला येतीस का हाताला?" मी म्हटलं, हाताला. खरं तेच होतं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

तिची चौथी की पाचवी खेप झाली. उन्हाळा टोकाला पोचला होता. औरादकडं माझं माहेर, तिथं भाचीच्या बाळाचं बारसं होतं. मी जायला तयार नव्हते, पण अक्काच म्हणाली, जा, तेवढंच माझ्या हाताला सुट्टी. मी गेले. तिथंही माझं मन लागलं नाही. पाळण्याच्या दोरीला हात लावला आणि लगेच धुवायला गेले, भाचीच्या सासूला ते आवडलं नसावं.

परत आले ते गुरुवारीच. अक्का गळून गेलेली दिसली, पण औषधानंतर ती गळतच असे. पट्टी उघडली. कातडी स्वच्छ, लाली नाही, पू नाही. नेहमीसारखं सगळं केलं. टोपण चोळलं, वाळू दिलं, पाणी आत ढकललं. मास्क काढून मी सामान धुवायला गेले.

ते धुवून आले तर अक्का थडथडत होती. खाट हलत होती. एप्रिलची दुपार, पत्र्यावर पाय ठेवला तर फोड येईल असं ऊन, आणि ती गोधडी मागत होती. एक गोधडी घातली, दुसरी घातली. दात वाजायचे थांबेनात. ओठ निळसर झाले. मला सिस्टरचं वाक्य आठवलं, नळीत पाणी सोडल्यावर हुडहुडी भरली तर समजा जंतू नळीत आहेत आणि तुम्ही ते आत ढकलले आहेत. लगेच निघा.

मी ढकलले होते. माझ्या या हातांनी.

गाडी ठरवली. अण्णा पुढं बसले, मी मागं अक्काचं डोकं मांडीवर घेऊन. गोधडीत गुंडाळलेलं ते अंग आधी थरथरलं, मग तापलं, मग भट्टीसारखं झालं. ती अर्धवट शुद्धीत बडबडत होती. कमलापूरच्या पुढं गाडी एका लग्नाच्या वरातीमागं अडकली. मला खाली उतरून त्या वाजंत्र्यांना ढकलावंसं वाटत होतं. अण्णा मागं वळून बघत होते, तिच्याकडं आणि मग माझ्याकडं. त्यांनी काही बोलावं असं मला वाटत होतं.

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. नळीतून रक्त काढलं, पायातूनही काढलं, दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या तपासायला पाठवल्या, म्हणजे जंतू नळीत आहेत की आणखी कुठं ते कळतं. औषध चालू केलं. मग एक तरुण डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, नळीला कोण हात लावतं?

उदगीरहून मुलगी पोचली होती. अण्णा होते. माझा नवराही आला होता. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी लावते, असं मी म्हटलं. डॉक्टरांनी मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं, साबण कुठला, पाणी कुठलं, सिरिंज कुठं ठेवता. मी सांगत होते. माझा आवाज मलाच खोटा वाटत होता. ते गेल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "काकू, बारशाहून आलाव तसं हात धुतलं होतं न्हवं?"

तिनं वाईट बुद्धीनं विचारलं नाही. पण मला त्या दहाव्याच्या दिवशीचं सगळं तसंच्या तसं समोर आलं, बसलेल्या बायका, त्यांच्या वळलेल्या माना. मी तिथून निघाले. दवाखान्याच्या मागं नळ होता तिथं हात धुतले. जिना चढले, उतरले, परत धुतले. वॉचमननं मला दोनदा बसायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या. रायचूरच्या सिस्टरनी ते हात उलटेपालटे करून बघितले आणि रागावल्या. फुटलेल्या कातडीत जंतू जास्त बसतात, हे त्यांनी मला कडक शब्दांत सांगितलं आणि व्हॅसलीनची डबी हातात ठेवली.

तिसऱ्या प्रहरी अक्काचा ताप उतरला. आम्ही सगळे खाटेभोवती होतो. तोच तरुण डॉक्टर आले आणि म्हणाले, नळीतल्या रक्तात जंतू वाढायला लागलेत, नळी काढावी लागेल. मग परत तोच प्रश्न, घरी नेमकं काय झालं? मी तोंड उघडणार इतक्यात अक्का बोलली. आवाज फाटलेला, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढा.

"हिला विचारू नका. गावातल्या डॉक्टरनं ह्याच्यातून सलाईन लावली. मीच म्हनलं, लावा म्हणून."

ती थांबून-थांबून बोलत राहिली. मी माहेरी गेले त्या दिवशी तिला उलट्या लागल्या, उठवेना. अण्णांनी गावातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांना शीर मिळेना. ते म्हणाले, हा तयार रस्ता आहे की, आणि टोपणालाच सलाईन जोडली. अण्णांना त्यात काही चूक वाटली नाही. अक्काला वाटली, कारण डॉक्टरांनी ना हात धुतले ना टोपण पुसलं. पण अंगात त्राण नव्हतं, आणि सलाईननं बरंही वाटलं. अण्णा खाली मान घालून उभे होते.

मी विचारलं, "मला कामून सांगितलं न्हाई, अक्का?" कित्येक वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडून गेला, तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

"तू वरडशील म्हणून."

मुलगी माझ्या पाठीवर हात ठेवायला आली. मी बाजूला झाले. माझ्यावरचं बालंट गेलं याचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, क्षणभर. पण ते वाक्य मला चावत राहिलं. गुरुवारी आल्यावर तिनं मला नुसतं सांगितलं असतं, तर मी नळीत पाणी सोडलंच नसतं, आधी दवाखान्यात फोन केला असता. तिनं सांगितलं नाही, कारण ती मला भ्यायली. दारोगा म्हणून मी खूश होते. आणि दारोगाला कोण काय सांगतं?

नळी काढली. अक्काचं औषध काही आठवडे लांबलं. दवाखान्यात राहिलो त्या काळात मी पुष्कळ चालले, गुलबर्ग्याच्या किल्ल्यापर्यंत जाऊन यायची, उन्हातसुद्धा. मग नवी नळी बसवायची वेळ आली तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं की या खेपेला ते महागातलं टोपण आणावं का. नळीत भरून ठेवायचं एक औषध असतं असं मी शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून ऐकलं होतं, तेही विचारलं. डॉक्टर म्हणाले, परत-परत असं झालं तर त्याचा विचार करू. आता पैसे त्यात घालू नका, गाडीभाड्याला ठेवा. तुम्ही बरोबर करता, पण एकट्या करता. नळीला जो-जो हात लावू शकतो, त्या प्रत्येकाला शिकवा. नका कुणी हात लावू, असं सांगून कुणी थांबत नाही.

म्हणून आम्ही घरी गेल्यावर अण्णांना समोर बसवलं. त्यांच्या हातांनी पट्टी जमणार नव्हती, पण ताप बघणं, लाली बघणं, आणि दुसऱ्याला अडवणं त्यांना जमणार होतं. मुलीला उदगीरहून बोलावून सगळं करून दाखवलं. तिचा हात माझ्यापेक्षा हलका निघाला. अक्काला मी सांगितलं की काहीही झालं तरी मला सांग, मी ओरडणार नाही. ती म्हणाली, ओरडशील, पण सांगते.

गावातल्या डॉक्टरांकडं मी स्वतः गेले. भांडायला निघाले होते. वाटेत दोन गल्ल्या उगीच फिरले, म्हणजे राग थोडा खाली बसेल. ते दुपारचे जेवून बसले होते. मला बघून त्यांनी खुर्ची दिली, मी उभीच राहिले. मी सांगितलं काय झालं ते. त्यांचं तोंड उतरलं. म्हणाले, "मला वाटलं, कसलंबी औषध द्यायला चालतं. पोरगी उलट्या करायलीय, शीर सापडंना, मी काय करू?" अक्का त्यांच्यासाठी पोरगीच होती, त्यांच्या समोर लग्न होऊन आलेली. मग त्यांनीच विचारलं की हे टोपण पुसायचं कसं ते सांग. मी सांगितलं. पुन्हा उलट्या लागल्या तर आधी दवाखान्याला फोन लावायचा, एवढं ठरलं. फोन नंबर त्यांनी भिंतीवरच लिहून घेतला.

दुसरी नळी शेवटपर्यंत टिकली. काही गुरुवार मी केले, काही मुलीनं. मी घाई केली तर अक्का मान न वळवता डाव्या हाताच्या बोटानं खाटेच्या पाटीवर टकटक करायची. अजून वाळलं नाही. मी थांबायची. बाहेर कोंबड्या ओरडत असायच्या, कुणाची मोटार चालू असायची, आम्ही दोघी मास्कमध्ये.

एकदा पट्टी झाल्यावर, पंखा लावल्यावर, ती म्हणाली, "म्हातारीच्या जखमा माझ्या महिन्यात सुरू झाल्या होत्या." मी तिच्याकडं बघितलं. ती दंडाकडं बघत होती. मी म्हटलं, मला माहीत होतं. ती म्हणाली, "मला बी." एवढ्यावर ते संपलं. मी चहा टाकायला गेले, तिच्याच चुलीवर.

औषधं संपली तेव्हा सिस्टरनी नळी काढली. हळूहळू ओढत गेल्या आणि ती येतच गेली, बारीक, लांब. अक्कानं उठून बघितली. तिला वाटलं होतं खूप दुखेल. काहीच दुखलं नाही. जागेवर एक बारीक डाग राहिला, तिळाएवढा.

आता आमच्या भागातल्या नळ्या लावलेल्या दोन-तीन घरांतून फोन येतात. गावातले डॉक्टरच नंबर देतात. मागच्या महिन्यात कमठाण्याला गेलो होतो, एका मुलीच्या वडिलांना नळी लावली आहे. अक्का हट्टानं सोबत आली. मी त्या मुलीला पट्टी दाखवली, पण ती माझ्याकडं कमी आणि अक्काकडं जास्त बघत होती. जिवंत परत आलेलं माणूस तिला बघायचं होतं. अक्का तिच्याशी बराच वेळ कानडीत बोलत बसली, काय बोलली ते मला माहीत नाही, मी अंगणात होते.

मागच्या तपासणीत फुफ्फुसाच्या कडेला एक ठिपका दिसला. डॉक्टर म्हणाले, जुन्या जंतुसंसर्गाचा असेल, नसेलही. पुढच्या महिन्यात परत बघू. अक्का म्हणते, गुलबर्ग्याला जातोयच तर नातवाला स्वेटर घेऊ, थंडी येतीय. तिनं रंगसुद्धा ठरवलाय, पिवळा. मी म्हणते पिवळा मळेल. त्यावरून आमचं दोन दिवस चाललं आहे. आज सकाळपासून मी तिच्याकडं तीनदा जाऊन आले, काही काम नव्हतं. तिसऱ्यांदा गेले तर ती मेथी निवडत होती. मला बघून तिनं अर्धी जुडी माझ्याकडं सरकवली.